जानेवारीतला पेपर

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र पुष्कळ मुलामुलींचे भवितव्य जानेवारीतच ठरून जाते. त्या महिन्यात शाळा पूर्वपरीक्षा घेतात. मुले तिला 'प्रिलिम' म्हणतात. तिचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर येत नाहीत. ती केवळ सराव म्हणून असते. तरीही घरोघर तिचा निकाल हाच अखेरचा निकाल समजला जातो, आणि तो ऐकायला आईबाप घरी नसतात. ते कारखान्याच्या तळावर कोपीत असतात.

आपल्या महाविद्यालयातील निम्म्याअधिक मित्रांना हे सांगायला नको. जे शहरातून येतात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि बहुधा खर्चूनही झालेली असते. पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलात. दहावीचे पोर तेवढे आजीजवळ गावी राहते. जानेवारीत त्याचे गुण फोनवरून कळतात, आणि कमी असले की तिकडून उत्तर येते, "नाहीतरी नापासच व्हायचंय, मग इकडंच ये." मुलगा असेल तर कामाला हात होतो. मुलगी असेल तर लहान भावंडाला धरायला माणूस होते, नाहीतर त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न होऊन नवा कोयता तयार होतो.

मार्च २०२५ च्या दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. हा आकडा वाचून मला प्रथम आनंद झाला व मागाहून शंका आली. जी मुले परीक्षेला बसलीच नाहीत ती या टक्केवारीत कोठेच नसतात.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे असा तिचा दंडक आहे. प्रथम वर्षात असताना माझे बरेचसे तास दत्तक गावाच्या समाजमंदिरात, दहावीच्या चौदा मुलांचा अभ्यास घेण्यात गेले. शिकवण्याचा अनुभव शून्य. गणिताशी माझे सख्य कधीच नव्हते, म्हणून तर कला शाखेत आलो! पण पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी ९ गुण मिळवण्याचा अनुभव मला होता, आणि तोच पुढे उपयोगी पडला.

पहिली चूक माझीच झाली. डिसेंबरात मी एक सराव पेपर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर गुण वाचून दाखवले. शाळेत आमचे असेच वाचत. ४० पैकी ४ मिळालेला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. आजीने चहा दिला, पण मुलगा मागच्या दाराने निघून गेला होता. पुढे उरलेल्या तेरांचे गुण मी कधी उच्चारले नाहीत. ज्याची वही त्याच्या हातात.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. मुले उत्तरपत्रिका घेऊन आली, तेव्हा प्रत्येकाने पहिल्या पानावरचा आकडा पाहून ती घडी घालून दप्तरात ठेवली होती. आत काय आहे हे कोणी पाहिले नव्हते. वास्तविक या परीक्षेचे मोल त्या आतल्या पानांतच आहे. गुण कोठे गेले हे शोधायचे, आणि ते का गेले हे मुलाच्याच तोंडून काढायचे, एवढेच काम मदतनीसाने करावे असे आता माझे मत झाले आहे. नवे धडे शिकवण्याची ती वेळच नव्हे.

एका मुलीची बीजगणिताची उत्तरपत्रिका येथे उलगडून दाखवतो. मिळालेले गुण ११. हा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. पहिल्या प्रश्नात चार गुणांचे पर्याय आणि चार गुणांची लहान उदाहरणे. तेथे तिला ३ आणि २ मिळाले होते. दुसऱ्या प्रश्नाच्या आठ गुणांच्या भागात ४, तिसऱ्याच्या सहा गुणांच्या भागात २. चौथा आठ गुणांचा आणि पाचवा तीन गुणांचा प्रश्न कोरा. ते अवघड असतात, त्यांचे सोडून देऊ. पण दुसऱ्या प्रश्नातील चार गुणांच्या व तिसऱ्यातील तीन गुणांच्या कृतीही कोऱ्याच होत्या. कृती म्हणजे अर्धे सोडवलेले उदाहरण. मधल्या चौकटी रिकाम्या असतात, त्या भरायच्या. वास्तविक साऱ्या पेपरात याहून सोपे गुण दुसरे नाहीत.

मी विचारले, "हे का सोडलंस?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, ते आधीच सोडवलेलं असतंय ना. मला वाटलं ते नमुन्याला दिलंय."

मी हसलो नाही, कारण माझ्या ९ गुणांचे एक कारण हेच होते. आमची नववी करोनाच्या काळात मोबाइलवर गेली आणि पेपर कसा दिसतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. तिला त्या सात गुणांच्या कृती तेथेच सोडवायला दिल्या. पंधरा मिनिटांत सहा गुणांचे बरोबर आले. म्हणजे ११ चे १७ झाले, आणि तेही एक अक्षर नवे न शिकता.

तेराही उत्तरपत्रिका अशा पाहिल्यावर गेलेले गुण तीन तऱ्हांचे निघाले. काही खरोखरच येत नव्हते म्हणून गेले. काही येत होते पण पायरी न लिहिता एकदम उत्तर लिहिल्यामुळे, नाहीतर सूत्र न मांडल्यामुळे गेले. आणि काही केवळ वेळ संपल्यामुळे. पहिल्या तऱ्हेला महिनाभरात फारसे औषध नाही. अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता एवढी दोन प्रकरणे मी धरली, वर्गसमीकरणातील शाब्दिक उदाहरणे सोडून दिली. गणिताचे प्राध्यापक मला यासाठी रागावतील. दुसऱ्या व तिसऱ्या तऱ्हेला मात्र औषध आहे. घड्याळ लावून पेपर सोडवायचा, आणि एकाने दुसऱ्याचा तपासायचा. तपासताना मुले इतकी कठोर होतात की बोर्डाचे परीक्षक त्यांच्यापुढे मायाळू वाटावेत!

मराठीचे दुखणे निराळे. मातृभाषेचा काय अभ्यास करायचा, अशी समजूत सर्वत्र आहे. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि ते शेवटी येते. मुले गद्य विभागात रेंगाळतात आणि पत्र, बातमी, निबंध यांपाशी येईतो घंटा होते. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात पडत असे. २०२३ पासून ती सवलत बंद होऊन दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळतात. ही दहा मिनिटे निबंधासाठी राखून ठेवा असे मी सांगत असे. किती जणांनी ऐकले कोण जाणे.

त्या मुलीला भूमितीत १३ मिळाले होते. दोन्ही मिळून ८० पैकी २४. वडिलांना हा आकडा कळला आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला की शनिवारी गाडी येते आहे, तीतून हिला पाठवून द्या. आजीने माझ्या हातात फोन दिला.

"काका, ती नापास नाही," मी म्हणालो.

"चोवीस म्हंजे काय रे मग? पस्तीस लागतात, एवढं मला कळतंय."

तेव्हा मी हिशेब सांगितला. पस्तीस लागतात ते शंभरपैकी. लेखी ८० आणि शाळेकडचे अंतर्गत २०. तिची गृहपाठाची वही पूर्ण आहे, चाचण्या दिलेल्या आहेत. वीसपैकी तिला १५ पडले तर चोवीस आणि पंधरा एकोणचाळीस होतात. परीक्षेचा फॉर्म भरून झाला आहे, फी भरलेली आहे. कृतींचे सहा गुण मी मुद्दामच सांगितले नाहीत, ते हातचे राखून ठेवले.

पलीकडे ऊस भरणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. काका म्हणाले, "इकडं बारक्याला धरायला माणूस नाही, त्याचं काय करतो?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितले, तेही फोनवर बोलले. शनिवारी गाडी आली आणि आजी स्वतः तीत बसून गेली. मुलगी महिना-दीड महिना चुलतीकडे राहिली.

मे महिन्यात निकाल लागला. तिला गणितात एकूण ४९ पडले. मात्र इंग्रजीत ती अडकली! आम्ही गणिताच्या नादात इंग्रजीकडे पाहिलेच नव्हते. टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढतात, पण उत्तीर्ण सहाही विषयांत व्हावे लागते, हा भेद मी मुलांना सांगितला नव्हता. ही माझी दुसरी चूक.

पण एक-दोन विषय राहिले तरी वर्ष जात नाही. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. तिने पुरवणीत इंग्रजी सोडवले. शाळा आधीच सुटलेल्या मुलांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. बाहेरून बसता येते. या तीन गोष्टी निकालाआधी घरी ठाऊक असणे अत्यंत जरूर आहे. निकालाच्या दिवशी कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

पुढे काय, याबद्दल मुले एकच प्रश्न विचारतात, "किती टक्क्याला काय मिळतं?" मी उलट विचारत असे, घरून किती वर्षे मिळतील? आयटीआयचे अभ्यासक्रम बहुतेक एक किंवा दोन वर्षांचे आहेत, आणि काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्णही चालतात. तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची, आणि ती झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. अकरावी-बारावी दोन वर्षांची, परंतु तेवढ्यावर हातात काम नसते, हे स्पष्ट सांगावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ मध्ये मंजूर केली. आपल्या तालुक्याला ते आहे का, जागा आहे का, याची चौकशी जूनमध्ये नव्हे, आधीच करावी.

आणि सर्वांत मोठे विघ्न म्हणजे कागदपत्रे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरातले नाव एक असणे. यांतील बहुतेकांना आईबापांची सही किंवा कागद लागतात, आणि आईबाप सहा महिने कोपीवर. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. फॉर्म भरायला बसल्यावर दाखला आठवून उपयोग नसतो.

ती मुलगी आता अकरावी कलेला आहे. एसटीने येते-जाते. तिच्या लग्नाची बोलणी दिवाळीत एकदा निघाली होती, सध्या थांबली आहेत.

यंदाचा वर्ग मी पोळा झाल्याबरोबर सुरू केला, गाड्या भरायच्या आधी. सोळा मुले आहेत. पहिल्या दिवशी पुस्तक उघडले नाही. फळ्यावर दाखल्यांची यादी लिहिली आणि प्रत्येकाला सांगितले की रविवारी वडिलांना घेऊन या, मी अर्ज लिहून देतो. रविवारी अकरा जणांचे वडील आले. दोघांच्या आया आल्या. गेल्या वर्षी मागच्या दाराने गेलेला मुलगाही आला होता. १७ नंबरच्या फॉर्मला काय काय लागते, हे त्याने दारातूनच विचारले.