अंगणातील हिरवळ आणि खताची मात्रा

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे सावरगावचे नाव दूरवर गेले. एरवी हा मुलूख संत्र्याच्या बागांचा आणि काळ्या मातीचा. येथील बागाईतदाराला विचाराल तर हरळी ही त्याची वैरीण. कितीही खणून काढा, एखादे कांडे राहिले की ती पुन्हा पसरते. आणि हीच हरळी घरापुढे गालिच्यासारखी वाढावी म्हणून आपण धडपडतो! शेतात न मागता फोफावणारे हे गवत अंगणात पिवळे का पडावे?

याचे पहिले कारण आपली कात्री. हिरवळ कापून ते गवत बाहेर टाकले की त्याबरोबर जमिनीतले नत्रही जाते. यासाठी कापणी थोडी थोडी करावी आणि बारीक कातरण तेथेच पसरू द्यावे. हे बिनपैशाचे खतच होय.

पिवळेपणा दिसताच युरियाची ओंजळ फेकण्याचा मोह मात्र आवरावा. आधी पाने न्याहाळावीत. जुनी पाने सरसकट फिकी पडली असतील तर नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर उणीव लोहाची समजावी. चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. अशा वेळी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावा. तो फरशीवर मात्र पडू देऊ नये; तांबडे डाग निघत नाहीत.

नत्रच हवे असेल, तर गुंठाभर हिरवळीला एका वेळी एक किलो युरिया पुरे. त्यात 46 टक्के नत्र असते. तो चाळलेल्या कोरड्या मातीत मिसळावा. निम्मा उभा आणि निम्मा आडवा पसरावा, म्हणजे पट्टे उठत नाहीत. पाने कोरडी असावीत, कारण ओल्या पानाला चिकटलेला युरिया ते करपवतो. पसरल्यावर लगेच पाणी द्यावे. नाहीतर या अल्कधर्मी मातीवर बरेचसे नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, पोळा सरल्यावर आणि थंडी ओसरल्यावर, असे तीन हप्ते पुरेत. ऐन थंडीत हरळी निजलेली असते. तेव्हा तिला खत देऊ नये.

जास्त खताने गवत जळते, एवढीच हानी असती तर ती सोसता आली असती. पण आपल्याकडे अंगणातच विहीर किंवा कूपनलिका असते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि पाण्याबरोबर नत्र नायट्रेटच्या रूपाने खोल उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाला दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट ते अधिक दाट होते. म्हणून विहिरीभोवती दहा हात जागा बिनखताची ठेवावी, भेगा पडलेल्या जमिनीवर किंवा मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकू नये, आणि घरात बाळ असेल तर पाणी तपासून घ्यावे.

शेणखताचा प्रश्न उरतो. कच्च्या शेणाबरोबर तणाचे बी आणि हुमणी अंगणात येते. याच मध्य प्रदेशातील इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. त्यांचा ग्रंथ 1931 साली निघाला. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, निर्गंध खत तयार होते. ते चाळून पावसाळ्याच्या आरंभी अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ पसरावे. गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. असे कंपोस्ट घातले, त्या हंगामात युरियाचा हप्ता निम्मा करावा.