'क्रेडिट देतो' म्हणजे नक्की काय देतो?



दुकान सुरू केलं त्या वर्षीची गोष्ट. खराब निघालेले पंखे मी होलसेलरला परत पाठवले. फोनवर तो म्हणाला, "शेठ, ८,४०० चं क्रेडिट देतो." मला वाटलं, पैसे खात्यात येणार. त्या भरवशावर दुसऱ्या पार्टीला चेक दिला आणि तो बाउन्स झाला! होलसेलर खोटं बोलला नव्हता. त्याने क्रेडिट नोट पाठवली होती. बीबीएची डिग्री होती माझ्याकडे, पण "कोणतं क्रेडिट?" हे विचारायचं सुचलं नाही.

म्हणून आज एकच शब्द आणि त्याचे पाच अर्थ.

१. उधारी: "३० दिवसांचं क्रेडिट" म्हणजे माल आज, पैसे ३० दिवसांच्या आत.

२. क्रेडिट नोट: माल परत गेला किंवा बिल जास्तीचं लागलं, की पार्टी तेवढी रक्कम आपल्या हिशोबातून कमी करते. हातात रोख येईलच असं नाही. बहुतेक वेळा पुढच्या बिलातून वजा होते.

३. बँकेतलं क्रेडिट: मेसेजमध्ये 'क्रेडिटेड' आलं म्हणजे पैसे जमा. पण आपल्या टॅलीत तीच रक्कम बँक खात्याला डेबिट पडते. गोंधळू नका. स्टेटमेंट ही बँकेची वही आहे. आपली शिल्लक बँकेसाठी देणं असतं, आपल्यासाठी येणं.

४. इनपुट टॅक्स क्रेडिट: खरेदीवर दिलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होतो. त्यासाठी ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये दिसलं पाहिजे. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत सप्लायरचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. कंपोझिशनवाल्यांना हे क्रेडिट मिळत नाही.

५. क्रेडिट स्कोअर: सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. हप्ते चुकले की तो घसरतो आणि पुढचं कर्ज अडतं.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ 'विश्वास ठेवणे'. आपल्याकडे त्याला सरळ 'पत' म्हणतात. पतपेढीतली पत तीच!

तर यापुढे कोणी "क्रेडिट देतो" म्हणालं, की लगेच विचारा: पैसे खात्यात येणार, बिलातून वजा होणार, की मुदत मिळणार? उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मगच चेकवर सही करा.