निळा कागद

माणसाने लंडनला जावे ते राजवाडे, संग्रहालये आणि टेम्सवरचे पूल पाहायला. मीही 2023 च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागताच थोरल्या बहिणीकडे गेलो, तेव्हा माझ्या खिशात अशीच एक लांबलचक यादी होती. परंतु वाचकहो, खरे सांगायचे तर त्या सहा आठवड्यांत माझ्या मनाला सर्वांत जास्त चटका लावला तो एका कबाबच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या फिकट निळ्या कागदाने. तो कागद मी लंडनमध्ये वाचला, आणि त्याचा अर्थ मला कळला तो आमच्या गावी परत आल्यावर.

ताईचे घर लंडनच्या एका उपनगरात, मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीच्या अगदी तोंडाशी आहे. ती इस्पितळात परिचारिका आहे. सकाळी साडेसातला कामावर हजर व्हायचे म्हणून तिचे घड्याळ पहाटे साडेपाचला कोकलते. आणि कोपऱ्यावर, तिच्या निजायच्या खोलीपासून वीस पावलांवर, सायप्रसहून आलेल्या एका तुर्की गृहस्थाचे दुकान. बसून खायची सोय नाही. कबाब, बटाट्याचे तळलेले काप, कागदात गुंडाळून हातात. हे दुकान रात्री अकराला बंद होई. आता त्या गृहस्थाने पहाटे तीनपर्यंत उघडे ठेवण्याचा परवाना मागितला होता.

मी गेलो त्या संध्याकाळीच दिवाणखान्यात सभा भरलेली! शेजारची एक वृद्ध इंग्रज बाई, पलीकडचे गुजराती जोडपे, एक पोलिश सुतार आणि मधोमध आमची ताई. मला पाहताच ती म्हणाली, "बरं झालं आलास. तू मराठीचा प्राध्यापक. एक झणझणीत हरकत लिहून दे. बंटी इंग्रजीत करील."

मला कोण आनंद झाला! अर्ज लिहिणे हा माझा हातखंडा विषय. आमच्या गल्लीतला एकही अर्ज माझ्या लेखणीवाचून नगरपालिकेत गेलेला नाही. मी तासाभरात दीड पान लिहून काढले. "असामाजिक घटकांचा उपद्रव", "सभ्य कुटुंबांचे जिणे दुःसह", "परिसराच्या लौकिकास काळिमा" अशी एकाहून एक सरस वाक्ये उतरली. दाजींनी ती चष्मा लावून वाचली आणि शांतपणे विचारले, "हे असामाजिक घटक तुम्ही कधी पाहिलेत?"

"मी आजच तर आलो दाजी! पण असणारच की."

"इथे 'असणारच' चालत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी मला तिथला कायदा समजावून सांगितला.

तो ऐकण्यासारखा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 सालचा परवाना कायदा आहे. तो पूर्णपणे अमलात आला 24 नोव्हेंबर 2005 रोजी. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत गरम खाणे किंवा गरम पेय विकायचे, तर या कायद्याने परवाना लागतो. गंमत अशी, की थंडगार सँडविच विकायला हा परवाना लागत नाही. ते गरम करून दिले की लागतो! कारण उघड आहे. गरम खाण्याभोवती रात्री माणसे जमतात, आणि माणसे जमली की आवाज आला. अर्ज केला की दुकानदाराने त्याची सूचना फिकट निळ्या कागदावर छापून अठ्ठावीस दिवस दुकानाबाहेर लावायची, शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात द्यायची. तेवढ्या मुदतीत कोणीही हरकत घ्यावी. पूर्वी हा अधिकार जवळपास राहणाऱ्यांपुरता होता, 2012 पासून ती अट गेली.

पण हरकत चारच गोष्टींवर घेता येते. गुन्हे व दंगा होऊ नये, लोकांची सुरक्षितता राहावी, सार्वजनिक उपद्रव होऊ नये आणि मुलांना अपाय होऊ नये. घराची किंमत उतरेल, या रस्त्यावर आधीच पुष्कळ दुकाने आहेत, आम्हाला कबाब आवडत नाही, यांतले काही ऐकून घेतले जात नाही. आणि नुसती भीतीही पुरत नाही. 2008 साली विरल भागातल्या एका मद्यगृहाच्या प्रकरणात शेजाऱ्यांच्या धास्तीवरून खालच्या कोर्टाने वेळ कमी केली होती. प्रत्यक्ष त्रासाचा पुरेसा पुरावा नाही म्हणून उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

"तेव्हा," दाजी म्हणाले, "वही घ्या आणि खिडकीत बसा."

मी खरोखरच बसलो. नवख्या मुलखात झोप कुठली लागते! मुदत संपायला दहा दिवस होते, त्यांतल्या सात रात्री मी वहीत टिपणे केली. वाचकहो, मनाशी आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट डोळ्यांनी खोटी ठरताना पाहणे फार अवघड असते. दुकानासमोर घरपोच खाणे नेणाऱ्या पोरांच्या स्कूटर गुरगुरत उभ्या राहत, हे खरे. तळणाचा वास पडद्यात भरून राही, हेही खरे. सकाळी ताईच्या कुंपणात कागद आणि डबे सापडत. पण आरडाओरडा? तो सात रात्रींत तीनदा झाला, आणि तिन्ही वेळा तो पलीकडच्या कोपऱ्यावरच्या मद्यगृहातून निघालेल्या मंडळींचा होता. तेव्हा कबाबवाल्याचे दार केव्हाच बंद झालेले होते.

मी हे सांगितले तेव्हा ताई रागावली. "तू कोणाच्या बाजूचा आहेस? पहाटे साडेपाचला तुला उठायचंय का मला?" तिचेही चूक नव्हते. मद्यगृहातून निघालेली हीच मंडळी तीनपर्यंत उघड्या दुकानाकडे वळणार नाहीत कशावरून? शेवटी तिने स्वतःच हरकत लिहिली. तीत माझे एकही विशेषण नव्हते. तारखा होत्या, वेळा होत्या, आणि मद्यगृहाचा उल्लेखही होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुनावणी झाली. ताईबरोबर मीही गेलो. कौन्सिलच्या इमारतीत एक साधी खोली, लांब टेबल, पलीकडे तीन नगरसेवक, बाजूला एक कायदेशीर सल्लागार. ना शिपायाची आरोळी, ना साहेबाची वाट पाहणे. प्रत्येकाला ठरावीक मिनिटे दिली होती.

वृद्ध इंग्रज बाई आपल्या निद्रानाशाबद्दल बोलली. ताई घड्याळाबद्दल आणि स्कूटरबद्दल बोलली. पोलिसांनी हरकत घेतली नव्हती. मात्र आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्याने आवाज आणि वासाबद्दल अटी सुचवल्या होत्या. मग तो तुर्की गृहस्थ उठला. साठीचा, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. तो म्हणाला, घरपोच मागवण्याची रीत आल्यापासून लोक उशिरा जेवतात; अकराला दार लावले की त्यांच्या मागण्या दुसऱ्या दुकानाकडे जातात, आणि भाडे तर वाढतेच आहे. त्याच्या बाजूने आणखी एकजण बोलला, रात्रीच्या बसचा चालक. तो एवढेच म्हणाला, "माझी पाळी साडेबाराला संपते. त्या वेळी मला गरम घास कुठे मिळतो ते सांगा."

मी चोरून ताईकडे पाहिले. ती मान खाली घालून बसली होती. रात्रपाळीत इस्पितळाच्या यंत्रातून थंड सँडविच काढून खाल्लेल्या बाईला त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते.

तिघेजण आतल्या खोलीत जाऊन चर्चा करून आले. परवाना मिळाला, पण तीनपर्यंत नाही. शुक्रवारी-शनिवारी रात्री एकपर्यंत, इतर दिवशी बारापर्यंत. शिवाय अटी घातल्या. घरपोच नेणाऱ्यांनी गल्लीच्या बाजूला गाडी उभी करायची नाही आणि थांबताना इंजिन बंद ठेवायचे. बंद करताना आजूबाजूचा रस्ता झाडून कचरा उचलायचा. दाराशी कॅमेरा ठेवून त्याचे चित्रण एकतीस दिवस जपायचे. ग्राहकांनी शांतपणे जावे अशी पाटी लावायची. कोणाला निकाल मान्य नसेल तर एकवीस दिवसांत कोर्टात अपील करता येईल. आणि पुढे खरोखर उपद्रव झाला तर परवान्याचा फेरविचार मागता येईल.

दोन्ही पक्ष थोडे नाराज होऊन बाहेर पडले. दाराशी तो गृहस्थ ताईजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, स्कूटरचा आवाज आला तर आधी मला फोन करा, मग कौन्सिलला." ताईने त्याचा नंबर घेतला. पहिल्या दोन आठवड्यांत तिने त्याला तीनदा फोन केला, असे तिने मला पुढे कळवले. चौथ्यांदा करावा लागला नाही. मात्र शनिवारी तिला अजून उशिरा झोप लागते. परवान्याने तिचे काही गेले नाही असे मी म्हणणार नाही.

इथवरची गोष्ट मी मित्रांना सांगत असे ती परदेशातल्या शिस्तीचे कौतुक म्हणून. पण तिचा उत्तरार्ध मी आजवर कोणालाच सांगितला नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी लागत असे. भुर्जी-पाव आणि आम्लेट. रात्री आठला ती यायची आणि एक-दीडला जायची. एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर, शेजारच्या इस्पितळातल्या रोग्यांचे नातेवाईक, वसतिगृहातली पोरे असे तिचे गिऱ्हाईक. तव्यावर उलथणे आपटल्याचा आवाज माझ्या अभ्यासिकेत स्पष्ट ऐकू येई. 2019 साली गल्लीतल्या मंडळींनी ठरवले, की हे बंद झाले पाहिजे. अर्ज अर्थातच मी लिहिला. त्यात "असामाजिक घटक" होते. वास्तविक त्या गाडीवर मी कधी भांडण पाहिलेले नव्हते. पण शब्द चांगला वाटला, वजनदार वाटला, म्हणून घातला. चाळीस सह्या झाल्या.

पाचव्या दिवशी मालमोटार आली. गाडी, तवा, शेगडी, अंड्यांचे ट्रे सगळे वर चढवले. तो माणूस हात जोडून काहीतरी सांगत होता. मी खिडकीतून पाहिले आणि पडदा ओढून घेतला. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही कबूल करतो.

त्याला कोणी विचारले नव्हते. निळा कागद नव्हता, टेबल नव्हते, मिनिटे नव्हती. आणि हे सारे विलायतेतच असते असे समजू नका. आपल्याकडे 2014 सालचा पथविक्रेता कायदा आहे. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणा विक्रेत्याला हटवू नये, हटवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, जप्त मालाची यादी द्यावी, नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत करावा, असे त्यात लिहिले आहे. शहराच्या विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असेही आहे. अर्ज लिहिताना यातले एक अक्षर मला ठाऊक नव्हते. चाळीस सह्या करणाऱ्यांपैकीही कोणाला नव्हते. लंडनहून परतल्यावर मी तो कायदा मिळवून वाचला.

मग मी त्या माणसाचा शोध घेतला. फार हिंडावे लागले नाही. तो गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीवर रात्रीचा पहारेकरी होता. मी काहीबाही बोलू लागलो तेव्हा त्याने खुर्ची पुसून मला बसायला दिली आणि म्हणाला, "सर, अर्ज तुम्ही लिहिला होता ते मला तेव्हाच कळलं होतं. हापिसात वाचून दाखवला. त्यातला एक शब्द नाही कळला मला. घरी जाऊन पोरीला विचारला. ती म्हणाली, म्हणजे गुंड लोक." थोडे थांबून तो म्हणाला, "तुमचे विद्यार्थीच यायचे की हो सर जास्ती."

बावीस वर्षे मी मुलांना शब्दांचे अर्थ शिकवतो आहे. पण माझ्याच एका शब्दाचा अर्थ मला त्या रात्री त्या पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसून कळला.

गाडी पुन्हा लावायची इच्छा आहे का, असे मी विचारले. त्याने पटकन होकार दिला नाही. "पुन्हा उचलली तर?" असे तो म्हणाला. तरीही आम्ही दोघांनी मिळून विक्रेता प्रमाणपत्रासाठी अर्ज लिहिला. त्यात विशेषणे नाहीत. किती वर्षे गाडी लागत होती, कुठे लागत होती, गिऱ्हाईक कोण, एवढेच आहे. आणि त्यानेच सुचवलेल्या अटी आहेत. रात्री साडेअकराला बंद, कचऱ्याची टोपली गाडीला बांधलेली, दहानंतर उलथणे आपटायचे नाही.

तो अर्ज घेऊन मी गल्लीतल्या मंडळींकडे गेलो. चाळिसातल्या अकरा जणांनी सह्या केल्या. काहींनी चहा पाजून नकार दिला. समोरच्या आजोबांना खरोखरच हलकी झोप आहे. त्यांनी हरकत घेणार असे तोंडावर सांगितले. मी म्हटले, "जरूर घ्या आजोबा. फक्त तारीख आणि वेळ लिहा. आणि तो काय म्हणतो तेही समोर बसून ऐका."

हे लिहीत असताना अर्जावर निर्णय झालेला नाही. गल्लीचे तोंड रात्री मोकळे असते. इस्पितळातून बाहेर पडलेली माणसे तिथवर येतात, इकडेतिकडे पाहतात आणि परत फिरतात. पूर्वी मी पडदा ओढून घेत असे. आता तो उघडाच ठेवतो.