जुन्या फ्लेक्स-मुद्रण यंत्राची खरेदी : सोनईसारख्या गावातील फलक-व्यवसायाच्या दृष्टीने विवेचन

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव मुळा सहकारी साखर कारखाना आणि पाच-सहा किलोमीटरांवरील शनिशिंगणापूर ह्या दोहोंमुळे आपल्या आकाराच्या मानाने अधिक उलाढालीचे झाले आहे. उलाढाल आली की पाट्या व फलक आले. कृषी सेवा केंद्रे, दूध संकलन केंद्रे, रसवंत्या, यात्रेकरूंसाठीची भोजनालये, मंगल कार्यालये ह्यांना कायमच्या पाट्या लागतात. अखंड हरिनाम सप्ताह, लग्न, वाढदिवस, दशक्रिया व निवडणूक ह्यांना चार दिवसांचे फलक लागतात. हे काम आज बहुतांशी फ्लेक्सवर होते. गावातला फलक-व्यावसायिक संगणकावर मजकूर व छायाचित्रे जुळवून ते नगरसारख्या मोठ्या गावी पाठवतो, छापून आणतो आणि लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर ताणून देतो. अशा व्यावसायिकास केव्हा ना केव्हा स्वतःचे यंत्र घेण्याची इच्छा होते, नवे परवडत नाही, आणि तो जुन्याच्या शोधास लागतो. ह्या खरेदीत त्याच्या ऐपतीच्या मानाने फार मोठी रक्कम गुंतते, व पुष्कळदा ती कर्जाऊ असते. म्हणून तिचा विचार थोडा सविस्तर होणे अवश्य आहे.

फ्लेक्स येण्यापूर्वी हे काम ब्रशाचे होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या (१८९०-१९५४) नावात तो धंदा आडनाव होऊन बसला, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादा तरी 'पेंटर' त्याच उपपदाने ओळखला जाऊ लागला. २००० नंतरच्या दशकात चिनी बनावटीची, तुलनेने स्वस्त, दहा फूट रुंदीची सॉल्व्हंट यंत्रे भारतात आली आणि हाताने रंगविलेली पाटी थोड्याच वर्षांत मागे पडली. तेव्हापासून यंत्रांचा एक प्रवाह मोठ्या शहरांकडून लहान गावांकडे वाहतो आहे. शहरातील मुद्रक अधिक सूक्ष्म थेंबाचे व अधिक वेगाचे यंत्र घेतो आणि आपले जुने यंत्र विकावयास काढतो. पूर्वी ऑफसेट आल्यावर ट्रेडल यंत्रे अशीच तालुक्याच्या छापखान्यांत उतरली होती.

परंतु ट्रेडलची उपमा येथेच सोडून द्यावी लागते. ट्रेडल बिडाचे असे, त्याचा तुटलेला भाग लेथवर करून घेता येई, आणि मालकाच्या मागे ते मुलाच्या हाती जाई. फ्लेक्स यंत्राचा सांगाडा, रूळ, मोटारी हे भागही वर्षानुवर्षे टिकतात; पण यंत्राचे मोल त्यांत नसते. ते धंद्यात ज्याला नुसते 'हेड' म्हणतात त्या तळहातावर मावणाऱ्या भागात असते. हेडच्या तोंडाशी डोळ्यांस न दिसणारी छिद्रे असतात. कोनिका ५१२ ह्या फार प्रचलित हेडला नावाप्रमाणेच ५१२. एप्सनच्या डीएक्स-५ ह्या हेडला आठ रांगांत प्रत्येकी १८० अशी १४४०. प्रत्येक छिद्रामागे विजेच्या दाबाने किंचित आकार बदलणारा स्फटिक असतो, आणि तो दर सेकंदास हजारो वेळा शाईचा थेंब बाहेर ढकलतो. थेंबाचे माप पिकोलिटरात, म्हणजे लिटरच्या लक्ष कोटीव्या भागात, सांगतात. जुन्या सॉल्व्हंट हेडचा थेंब ३० ते ४२ पिकोलिटरांचा असतो. दहा-वीस फुटांवरून पाहावयाच्या फलकास हा थेंब पुरेसा आहे. हाती घेऊन वाचावयाच्या लहान अक्षरांस तो जाडा पडतो.

ह्या रचनेचा एक परिणाम खरेदीदाराने नीट ध्यानी घ्यावा. इतर यंत्रे चालून झिजतात. हे यंत्र चालूनही झिजते आणि न चालल्याने त्याहून लवकर बिघडते, कारण सॉल्व्हंट उडून गेले की रंगद्रव्य छिद्रातच वाळते. दररोज थोडे तरी छापावे लागते, रात्री हेडचे तोंड ओले ठेवावे लागते, आणि दीर्घ सुट्टीपूर्वी शाई काढून नळ्यांतून फ्लशिंगचे द्रावण भरून ठेवावे लागते. सोनईचे काम तर हंगामी आहे. लग्नसराई, गळिताचा हंगाम, शनी अमावास्येच्या यात्रा, गणेशोत्सव व नवरात्र ह्या काळात मागणी दाटते; आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात, आणि पितृपक्षात तर शुभकार्याचा फलक लागतच नाही. शहरातील मुद्रकाकडे जे यंत्र दररोज दहा तास चालून निरोगी राहिले, तेच येथे आठवड्यातून दोन दिवस चालून आजारी पडण्याचा संभव आहे. विक्रेत्याच्या दारी यंत्र उत्तम छापत होते आणि आपल्याकडे येताच बिघडले, ही तक्रार ऐकू येते तेव्हा तीत दरवेळी फसवणूकच असते असे नाही.

आता परवडीचा प्रश्न. येथे बहुतेक हिशेब एका ठिकाणी चुकतात. व्यावसायिक म्हणतो की गिऱ्हाईक चौरस फुटास अमुक देते, फ्लेक्स व शाई मिळून खर्च तमुक, म्हणजे उरलेला सगळा नफा यंत्राचा. वस्तुतः गिऱ्हाइकाचा दर यंत्र नसतानाही मिळतच असतो. यंत्रामुळे वाचतो तो केवळ बाहेरून छापून घेण्याचा दर व स्वतः छापण्याचा खर्च ह्यांतील फरक. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. समजा, यंत्र ३,००,००० रुपयांस मिळाले. वर्षाच्या आत चारांपैकी दोन हेड बदलून ८०,००० गेले. वाहतूक व उभारणीस ३०,०००, आणि स्टॅबिलायझर, अर्थिंग व पंखे ह्यांस ४०,००० लागले. म्हणजे खरी किंमत ४,५०,००० झाली. यंत्राचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले तर महिन्यास १२,५०० रुपये घसारा पडतो. व्याज, वीज, जागा व चालविणारा माणूस ह्यांचे १७,५०० मिळविल्यास महिन्याचा बांधील खर्च ३०,००० होतो. बाहेरचा दर ९ रुपये आणि स्वतःचा माल-शाईचा खर्च ५ रुपये असेल, तर बचत चौरस फुटास ४ रुपये. अर्थात महिन्यास ७,५०० चौरस फूट काम असेल तेव्हाच यंत्र आपला भार स्वतः उचलते. सहा फूट बाय चार फूट ह्या नेहमीच्या मापाने, पंचवीस दिवस धरून, हे दररोज बारा-तेरा फलक होतात. काम ४,००० चौरस फुटांवरच राहिले तर दरमहा १४,००० रुपयांची तूट येते, व तीही यंत्र एकदाही न बिघडता. प्रत्येकाने स्वतःचे दर घालून हा हिशेब मागील बारा महिन्यांच्या वहीवरून करावा. चांगल्या महिन्यावरून केलेला हिशेब निरुपयोगी होय.

ह्या हिशेबाच्या विरुद्ध बाजूस एक गोष्ट मात्र खरोखर जड आहे, ती म्हणजे घाईचे काम. श्रद्धांजलीचा फलक त्याच संध्याकाळी हवा असतो. दशक्रियेची तिथी थांबत नाही. सप्ताहाच्या कीर्तनकारांत आयत्या वेळी बदल होतो. नगर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि तेथील मुद्रकाकडे सोनईचे काम रांगेत शेवटी. ज्याच्याकडे यंत्र आहे तो अशा कामास अधिक दर घेऊ शकतो, शिवाय गिऱ्हाईक त्याच्याकडे बांधले जाते. वहीत अशी कामे किती होती हे वेगळे मोजले तरच यंत्राच्या बाजूचा युक्तिवाद पुरा मांडला असे म्हणता येईल.

यंत्र पाहावयास जाताना ते थंड स्थितीत पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने सकाळपासून शाई दाबून हेड स्वच्छ करून ठेवले असेल तर पहिली चाचणी सुंदर येते. म्हणून प्रथम नोझल चाचणी छापून घ्यावी. तीत प्रत्येक छिद्राची एक बारीक रेघ असते, व न उमटलेली किंवा तिरपी गेलेली रेघ मोजता येते. मग प्रत्येक रंगाचा भरीव पट्टा पूर्ण रुंदीभर छापावा, तासभर यंत्र अखंड चालवावे आणि पुन्हा तीच चाचणी घ्यावी. सुरुवातीस बंद असलेली छिद्रे धुतल्यावर उघडली तर चिंता अल्प. सुरुवातीस चालणारी छिद्रे तासाभरात बंद पडली तर शाईच्या पुरवठ्यात, डँपरमध्ये किंवा हेडमध्येच दोष आहे असे समजावे. पट्ट्यात ठरावीक अंतराने आडव्या रेषा दिसल्या तर कापड पुढे सरकविण्याचे माप चुकले असण्याचा संभव असतो, व ते जुळविता येते. एकाच रंगात रेषा दिसली तर ती हेडची. शाई कोणत्या बनावटीची वापरली, मध्यंतरी बदलली काय, हेही विचारावे. न जुळणाऱ्या दोन शाया नळीत एकत्र आल्या की गोठतात. हेडवरील क्रमांक सौदा ठरताच लिहून घ्यावेत व यंत्र उतरविताना ताडून पाहावेत. दारांना कुलपे न लावण्याची शिंगणापूरची प्रथा प्रसिद्ध असली तरी जुन्या यंत्रांचा बाजार त्या गावी भरत नाही.

हेडनंतर महत्त्व बोर्डाचे. काही चिनी यंत्रांच्या मुख्य बोर्डास मुदतीचा पासवर्ड लागतो. हप्ते फिटेपर्यंत मूळ विक्रेता तो थोड्या थोड्या मुदतीचा देतो. कायमचा पासवर्ड मिळाला आहे काय हे न विचारता यंत्र घेणारा मुदत संपल्याच्या दिवशी अडकून पडतो. यंत्रासोबत त्याचा जुना संगणक, रिप सॉफ्टवेअर व त्याचे डोंगल हे सर्व घ्यावे, कारण जुनी पीसीआय कार्डे व त्यांचे ड्रायव्हर नव्या संगणकावर पुष्कळदा बसत नाहीत. यंत्र बँकेकडे तारण असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा. विक्रेता वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर रीतसर कर-बिल मागावे. सामान्य पद्धतीने कर भरणाऱ्या खरेदीदारास त्याची वजावट मिळू शकते, बिलाविना मिळत नाही.

जागेविषयी थोडक्यात सांगावयाचे तर दहा फूट छपाईचे यंत्र स्वतः चौदा-पंधरा फूट लांब असते, म्हणून तळमजला, सपाट फरशी व रुंद शटर लागते. विजेच्या चढउतारापासून बोर्डांस जपावे लागते, आणि स्वतंत्र अर्थिंग नसेल तर सरकत्या फ्लेक्सवर साचणारी स्थिर वीज छपाई व हेड दोन्ही बिघडविते. अधिक गंभीर प्रश्न वासाचा आहे. सॉल्व्हंट शाईत सामान्यतः सायक्लोहेक्सॅनोनसारखे द्रव असतात. तेच पीव्हीसीत मुरून रंग पक्का करतात, व त्यांच्याच वाफा डोळे व श्वसनमार्ग यांस त्रास देतात. शिवाय त्या ज्वालाग्राही आहेत. पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड ही गावातील नेहमीची मांडणी. जेथे भिंतीपलीकडे मुले झोपतात तेथे बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यावाचून हे यंत्र बसवू नये. इको-सॉल्व्हंट शाई ह्या दृष्टीने सौम्य असते, निर्धोक नव्हे.

फ्लेक्सच्या भवितव्याविषयीही सावधपणा हवा. विनापरवाना फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला निर्णय, किवळे येथील एप्रिल २०२३ ची व घाटकोपर येथील मे २०२४ ची, अनुक्रमे ५ व १७ माणसांचा बळी घेणारी फलक-दुर्घटना, ह्यांमुळे मोठ्या फलकांवरील देखरेख कडक झाली आहे. केरळ शासनाने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवरच बंदी आणली. निवडणुकीच्या कामात, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ अन्वये, मुद्रक व प्रकाशक ह्यांची नावे व पत्ते छापणे आणि प्रकाशकाचे स्वाक्षरीचे प्रतिज्ञापन घेणे बंधनकारक आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काम बाहेरून छापून घेणाऱ्यास ह्या कलमाची आठवण क्वचितच होते. स्वतःचे यंत्र आले की मुद्रक तोच.

ज्याची वही ७,५०० चौरस फुटांच्या जवळपासही जात नाही त्याच्यासाठी बाजारात दुसरे एक जुने यंत्र असते, ते म्हणजे स्टिकर कापणारा कटिंग प्लॉटर. त्यात शाई नाही, हेड नाही. असते ते पाते, रबरी रोलर आणि एक सरकती गाडी. महिनाभर झाकून ठेवला तरी तो बिघडत नाही, पाते स्वस्तात बदलते, आणि तपासणीस एक वर्तुळ कापून त्याची टोके जुळतात की नाही एवढे पाहणे बहुधा पुरते. फ्लेक्स नगरहून छापून आणीत राहावे व गावात रेडियमचे काम घ्यावे, अशी जोड सोनईस विशेष सोयीची आहे, कारण गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्याच्या वाटेवरचे ट्रॅक्टर व ट्रॉल्या नावे, देवतांची चित्रे व मागील परावर्तक पट्ट्या लावून घेण्यास येतात, आणि ते काम नगरला पाठविता येत नाही. गाडीच दुकानापुढे उभी असते.