पन्नाशीत भानावर यायला शिकणं

आजचा विषय माइंडफुलनेस, आणि तोही चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांसाठी. मराठीत याला सजगता म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण घरात तो कुणी वापरत नाही. मला वाटतं, आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आधीपासून आहे: भान. आई मुलाला ‘भानावर ये’ म्हणते तेव्हा ती त्याला समाधी लावायला सांगत नसते. भरकटला आहेस, परत ये, एवढंच तिचं म्हणणं असतं. हा सगळा सराव म्हणजे ते परत येणं.

हे आधीच सांगते, कारण या वयात सुरुवात करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. ‘बसले हो, पण मन शांतच होईना. आपल्याला नाही जमायचं.’ अहो, मन शांत करायला बसायचंच नाहीये. श्वासाकडे लक्ष द्यायचं. थोड्याच वेळात मन गॅसच्या नंबरावर, मुलीच्या फीवर, गुडघ्याच्या एक्स-रेवर जातं. गेलं, हे लक्षात आलं की परत श्वासावर यायचं. दहा मिनिटांत मन तीसदा पळालं आणि तीसदा परत आणलं, तर तो तीस वेळा केलेला व्यायाम झाला.

‘हे सगळं तरुणपणी सुरू करायला हवं होतं,’ असंही बरेच जण म्हणतात. इतिहास वेगळं सांगतो. आज भारतभर विपश्यना ज्या परंपरेतून शिकवली जाते, तिच्यातले ऊ बा खिन हे बर्माच्या सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणारे गृहस्थ. 1937 साली, सदतीस वर्षांचे असताना ते ध्यान शिकले आणि पुढे स्वतंत्र बर्माचे अकाउंटंट जनरल झाले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने बेजार होऊन ते 1955 मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. 1969 साली भारतात येऊन शिबिरं घ्यायला लागले तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी गाठली होती. हिशेबाच्या वह्या आणि पोरंबाळं सांभाळणाऱ्या माणसांनी हे पुढे नेलंय.

आता बसायचं कसं? मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ सरळ, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. सकाळच्या चहाआधीची दहा मिनिटं मला सगळ्यात सोयीची वाटतात, कारण चहा कुणी विसरत नाही. मोबाइलवर वेळ लावा आणि तो पालथा ठेवा. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, श्वास आत-बाहेर होताना जो हलका स्पर्श जाणवतो तिथे लक्ष ठेवा. पालीत याला आनापान म्हणतात. वर्षानुवर्षं प्राणायाम केलेल्यांची इथे थोडी पंचाईत होते. हात सवयीने नाकाकडे जातो, श्वास आपोआप लांबवला जातो. इथे श्वास सुधारायचा नाही. तोकडा असेल तर तोकडा, जसा आहे तसा.

श्वास बघून मिळतं काय? माझ्या घरातलं सांगते. आईचं वय एकोणऐंशी, विसरणं वाढलंय. ‘दूध आलं का गं?’ हे सकाळी सात ते नऊमध्ये पाच-सहा वेळा येतं. चौथ्या वेळी माझ्या कपाळाला आठी पडते, मग जबडा आवळतो आणि मग तोंडातून शब्द जातो. आधी मला यातला फक्त शब्द कळायचा, तोही गेल्यावर. आता आवळलेला जबडा कधी कधी शब्दाच्या आधी जाणवतो. कधी कधीच, रोज नाही. पण जाणवला तर ‘आलं, तापवून ठेवलंय’ एवढंच साधं उत्तर जातं. आईसाठी तो प्रश्न पाचवा नसतोच, दर वेळी पहिलाच असतो. आईवडील थकलेले, मुलं घराबाहेर पडायच्या बेतात आणि आपली झोप उडालेली, अशा वयात ही अर्ध्या सेकंदाची जागा फार मोलाची आहे.

याचा वैद्यकीय उपयोग 1979 पासून सुरू झाला. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. तो अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. 2022 साली जामा सायकियाट्री या नियतकालिकात आलेल्या चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांना हा अभ्यासक्रम एस्सिटालोप्रॅम या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला. त्या रुग्णांना दर आठवड्याला वर्ग होता आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव होता, हे मात्र विसरू नका. तेव्हा दहा मिनिटं श्वास बघून बीपीची किंवा नैराश्याची गोळी बंद करू नका. ते डॉक्टरांना विचारूनच.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला लगेच जावं का? फी नसते, खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. पहाटे चारला घंटा, दिवसभरात दहा तासांच्या आसपास ध्यान, मौन, आणि मोबाइल जमा. पहिले तीन दिवस फक्त आनापान. इंदूर, हैदराबाद, जयपूर अशा ठिकाणीही केंद्रं आहेत. माझं मत असं, की घरी दोन-तीन महिने रोज बसून मग अर्ज करा. पाठीला सवय होते आणि आपल्याला हे खरंच हवंय का तेही कळतं. घरात आजारी माणूस असेल तर दहा दिवस कोण बघणार हे आधी पक्कं करा, नाहीतर तिथे बसून ध्यान घराचंच होईल.

आणखी एक. मानसिक आजारावर उपचार चालू असतील किंवा जुना मोठा आघात असेल, तर डोळे मिटून बसल्यावर काहींची घबराट वाढते. अर्जातही याबद्दल विचारतात, लपवू नका. घरी बसताना असं झालं तर जबरदस्तीने बसून राहायचं नाही. डोळे उघडा, खोलीतल्या वस्तू बघा, उठून गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये दहा-बारा पावलं सावकाश चाला. टाच टेकली, चवडा टेकला, पाऊल उचललं. श्वासाऐवजी तळव्याचा स्पर्श धरा. काहींना कायम हेच मानवतं, मग त्यांनी चालतच करावं.