न वापरलेलं क्रेडिट कार्ड: ठेवावं की बंद करावं?

गेल्या आठवड्यात आपण सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा मोफत कसा मागवायचा ते पाहिलं. तो वाचताना पुष्कळदा विसरून गेलेलं एखादं कार्ड अजून चालू असल्याचं दिसतं. त्याचं काय करायचं, ते या आठवड्यात पाहू.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न घराशी जोडलेला आहे. परळ-लालबागची खोली सोडून किंवा भाईंदरला भाड्यानं राहून अनेक कुटुंबं नालासोपारा-विरारला स्वतःची जागा घेतात, तीही गृहकर्ज काढून. मधल्या काळात पत्ता बदलतो, मोबाइल नंबर बदलतो आणि कार्डाचं स्टेटमेंट जुन्याच पत्त्यावर जात राहतं. पहिल्या वर्षी फुकट मिळालेल्या कार्डावर दुसऱ्या वर्षी वार्षिक फी आणि जीएसटी लागतो. तो भरला नाही की लेट फी, शिवाय महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. एक रुपयाचीही खरेदी न करता माणूस थकबाकीदार ठरतो, आणि ते कळतं होम लोनची फाइल अडकल्यावर. कार्ड कात्रीनं कापलं तरी खातं चालूच राहतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पण म्हणून सगळीच कार्डं बंद करू नयेत. समजा, तुमच्याकडे एक लाख आणि साठ हजार मर्यादेची दोन कार्डं आहेत आणि महिन्याचा खर्च चाळीस हजार. म्हणजे एकूण मर्यादेच्या 25 टक्के वापर. साठ हजारांचं कार्ड बंद केलं की तोच खर्च 40 टक्के होतो. क्रेडिट स्कोअरसाठी हा वापर 30 टक्क्यांच्या आत असलेला बरा मानतात. त्यामुळे येत्या काही महिन्यांत गृहकर्ज काढणार असाल, तर बिनफीच्या कार्डाला तूर्त हात लावू नका. अधूनमधून त्यावर महावितरणचं बिल भरा आणि ती रक्कम मुदतीत चुकवा. वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक आधी कळवून स्वतःच बंद करू शकते. तुम्हाला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात.

फी असेल तर आधी ती माफ होते का, बिनफीचं कार्ड बदलून मिळतं का, ते विचारा. नाही म्हणाले तर खुशाल बंद करा. आणि कार्ड हाताशी असल्यामुळे उधारी वाढत असेल, तर माझ्या मते स्कोअरचा विचारही करू नये. स्कोअर पुढे सावरतो. साचलेलं व्याज घर पोखरतं.

बंद करताना सगळी बाकी भरा, उरलेले रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, त्या कार्डावरून कापले जाणारे हप्ते दुसरीकडे वळवा आणि ॲपवरून किंवा ईमेलनं लेखी विनंती करा. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद केलं पाहिजे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला 500 रुपये द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2022 सालचा आहे. पोस्टानंच अर्ज पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही.

फीवरून वाद असेल तर 'थोडे भरा, मिटवून टाकू' हा तोडगा लगेच मान्य करू नका. अहवालात त्याची नोंद 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' अशी होते आणि कर्ज देणारा ती वाईटच धरतो. चुकीची फी लेखी तक्रार करून रद्द करून घ्या. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. खातं बंद झालं की बँकेकडून बाकी नसल्याचं 'नो ड्यूज' पत्र मागा आणि ते हाती आल्यावर महिन्याभरानं अहवाल पुन्हा तपासा.