टीव्ही किती इंची? आधी खोली मोजा

गंगापूरच्या दुकानात टीव्ही घेताना पहिला प्रश्न असतो, किती इंची? दुसरा, हप्ता किती? बसायची जागा पडद्यापासून किती फुटांवर आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. डोळ्यांच्या दृष्टीने तोच प्रश्न मोलाचा.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात. साडेपाच फुटांपलीकडे ते सुटे दिसतच नाहीत. दहा फुटांवरून बातम्या पाहणाऱ्या घराने त्याच मापात केवळ रेखीव चित्रासाठी ‘फोर-के’चे जादा पैसे का मोजावेत? गेम खेळणारी पोरे मात्र जवळ बसतात, तिथे फरक जाणवतो. ‘गेम मोड’ही पाहावा, बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर त्याने कमी होतो. दुकानातला झगझगीतपणा घरी कमी करावा आणि खोलीत दिवा चालू ठेवावा.

जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे बिघडतात, हा घरोघरचा समज. अनेकदा उलटेच असते. लांबचे नीट दिसत नाही म्हणून मूल पुढे सरकते. त्याला रागावण्याऐवजी सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्म्याची सोय आहे. मोठा पडदा आला की तेच मूल मागे बसूनही पाहू शकते आणि नंबर लपून राहतो. वर्गातल्या फळ्यावरचे मात्र त्याला दिसत नसते.